बाळाबाईचा जाळापुढचा फोटो

होटगीच्या पुढं माळावर जी वस्ती आहे, तिथं बाळाबाईला घाबरत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. शेरडामेंढरांचा सगळा कळप नुसत्या आवाजावर वळवणारी बाई. पण समोर कॅमेरा आला, फ्लॅश उडाला, की डोळे मिटणार म्हणजे मिटणारच. लेकाच्या, बाळासोच्या लग्नातल्या साऱ्या फोटोंत ती उभ्या उभ्या झोपलीय. जत्रेतल्या फोटोत तर देव परवडला, तो तरी डोळे उघडे ठेवून उभा!

इतकी वर्षं बाईनं हे हसण्यावारी नेलं. पण दिवाळीत नात सृष्टीनं विचारलं, "आज्जी, आज्जा कसा दिसायचा गं?" नवरा ज्ञानबा, बिचारा एकही फोटो न काढता गेला होता. बाळाबाई कौतुकानं सांगायला बसली. पटका सांगितला, मिशा सांगितल्या आणि नाकावर येऊन गाडी अडली. काही केल्या नाक आठवेना. त्या रात्री बाई जेवली नाही.

सकाळी बाळासोला म्हणाली, "माझं तसं हू द्यायचं न्हाय. पोरीला माझा एक फोटो पायजे. डोळं उगडं असल्याला."

बाळासोनं शहरातल्या सात रस्त्यावरनं गुरुशांत फोटोग्राफरला आणलं. गडी डोकेबाज. म्हणाला, "आज्जी, फ्लॅशच नको. अंधार पडला की शेकोटी करा. जाळाच्या उजेडात नुसता चेहरा काढतो, एकदम जवळनं. सुरकुती न् सुरकुती दिसंल."

"सुरकुत्या काय करायच्यात? तुमी डोळ्याचं बगा."

दिवस मावळला. ठेवणीतलं लुगडं नेसून बाई शेकोटीपुढं पोत्यावर बसली. गुरुशांतनं स्टँड रोवला आणि कॅमेरा इतका जवळ आणला की बाई मागं सरकली.

"नाकात घालता व्हय?"

"हलू नका आज्जी. उजेड कमी हाय, हललं की फोटो पुसट येतोय."

बाईनं श्वास धरला. खटका वाजला आणि पापण्या पडल्या. फ्लॅश नव्हता तरी पडल्या! गुरुशांत म्हणाला, मेंढरांकडं बघा. तिकडं मान वळवली तर शेकोटीतल्या ओल्या बाभळीचा सगळा धूर डोळ्यांत. बाई नाक पुसत बसली. मग त्यानं शेवटचा उपाय काढला, "मनात देवाचं नाव घ्या." बाळाबाईनं लगेच हात जोडले आणि भक्तिभावानं डोळे मिटून घेतले.

शेकोटी विझत आली. ऐन थंडीत गुरुशांतला घाम फुटला. बाळाबाई मान खाली घालून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाबा. माझ्या नशिबातच न्हाय ते."

एवढ्या बारीक आवाजात ती आयुष्यात बोलली नव्हती. आईसाठी आता काहीतरी केलंच पाहिजे, म्हणून बाळासो अंधारात पळाला आणि हाताला लागलं ते उचलून आणून जाळावर फेकलं. ती कडब्याची पेंढी होती, वाळून खडखडीत झालेली. डोक्याइतका उंच भडका उडाला.

कडबा! या दुष्काळी साली, जनावरांच्या तोंडचा घास!

"आरं ए मुडद्या! कडबा जाळतोस व्हय? शेरडांनी उद्या काय तुझी हाडं चगळायची?"

खट, खट, खट. गुरुशांतनं संधी सोडली नाही.

कॅमेऱ्यातला फोटो बघून त्याचंच तोंड पडलं. डोळे टक्क उघडे, पेटलेल्या कडब्याचा उजेड बुबुळांत उतरलेला, सगळं फर्स्टक्लास. पण तोंडसुद्धा तेवढंच उघडं, पदर खांद्यावर आणि बोट थेट बघणाऱ्याच्या अंगावर आलेलं.

"आज्जी, भिंतीवर लावायला हे बरं दिसायचं न्हाय. अजून एक काढू."

बाळाबाईनं कॅमेरा सृष्टीपुढं धरायला लावला.

"कोण हाय गं ही?"

"आज्जी!" पोरीनं पापणी लवायच्या आत सांगितलं. "पप्पाला शिव्या देतीय."

बाळाबाईनं कॅमेरा स्वतःकडं वळवून घेतला. मग पदर डोक्यावर घेत म्हणाली, "हाच मोठा करा, फोटोवाले. माझ्या मागारी पोरीला आवाजबी ऐकू यील."