जाड बाजू डावी

"ए खाटका, तू दारातच थांब. टेबलाला शिवू नकोस."

सरांनी असं म्हटल्यावर अब्बा दारातच थांबले. चपला बाहेर काढलेल्या. अंगात ईदचा सदरा. वर्गाला दाखवायला बकऱ्याचं हृदय सरांनीच मागवलं होतं. अब्बांनी ते सकाळी सात पाण्यांनी धुतलं होतं, गुठळी न् गुठळी काढून.

कोल्हापुरातली शाळा. नववीचा वर्ग. आम्ही त्रेचाळीस जण. दारातला माणूस माझा बाप, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, वडिलांचं दुकान आहे.

सरांनी हृदय चिरून हातात धरलं आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत सांगू लागले. चार कप्पे. वर दोन, खाली दोन. पण त्यांनी ते मागची बाजू पुढे करून धरलं होतं. खालच्या जाड भिंतीच्या कप्प्याला ते उजवा म्हणाले.

दारातून अब्बा बोलले, "सर, जाड बाजू डावी असती. रोज हातात असतंय की."

"आता खाटीक शिकवणार होय आम्हाला?"

वर्ग हसला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. त्यात मी होते.

अब्बांनी मान खाली घातली. तास संपल्यावर ताटली धुऊन दिली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

घरी विचारलं, "मी दिसले नाही तुम्हाला?"

"दिसलीस की. वळख दाखवली असती तर पोरं तुलाबी हसली असती."

माझं हसणं त्यांनी ऐकलं होतं का? विचारायचं धाडस झालं नाही. आता ते नाहीत.

त्या संध्याकाळी पुस्तक उघडलं. स्पष्ट छापलं होतं: खालचा डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पाठवतो, म्हणून त्याची भिंत सर्वांत जाड.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, काल सांगितलं तशी आकृती काढा. मी उभी राहिले.

"सर, काल दारात उभे होते ते माझे वडील. ते बरोबर होते. पुस्तकात आहे."

सरांनी पुस्तक मिटलं. "हात पुढे कर."

सहा छड्या. हात मागे घेतला नाही. वहीतल्या आकृतीत जाड बाजू डावीच काढली.

पण सहा छड्यांनी ते एक हसणं पुसलं नाही. अजून ऐकू येतं.

आज माझ्या मुलांना कुणी आजोबांचा धंदा विचारला, तर ती 'दुकान' म्हणत नाहीत. 'खाटीक' म्हणतात. मोठ्याने. मी शिकवलंय. आणि माणसाला दारात उभं करून जिथे हसतात, तिथे मी गप्प बसत नाही. खरं काय ते आधी सांगते. मग तिथून उठून जाते.