सत्यक्कांचं हरिकेन

मल्लेश्वरममधल्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सत्यवतीबाई घरी बसून लढाऊ विमानं करतात, हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. घरात मात्र ती गोष्ट लपण्यासारखी राहिली नव्हती. लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर अकरा विमानं ओळीनं उभी होती. चन्नपट्टणला खेळणी करतात त्या मऊ, पांढऱ्या लाकडातून सत्यवतीनं ती चाकूनं कोरली होती. भावजय कमला फळी पुसायला गेली की आधी विचारायची, "अक्का, यातलं रंग ओला असलेलं कुठलं?"

हा नाद युद्धातला. सत्यवती तेव्हा सोळा वर्षांची होती. शहराबाहेरच्या कारखान्यात दुरुस्त झालेली विमानं चाचणीसाठी मल्लेश्वरमवरून जायची. बाकीच्या मुली कानांवर हात ठेवायच्या आणि ही वही घेऊन गच्चीवर पळायची. वर्षभरात तिला नुसत्या आवाजावरून विमान ओळखता यायला लागलं. युद्ध संपलं, विमानं गेली, ती शिक्षिका झाली, पण वह्या राहिल्या. जुन्या बाजारात एकदा तिला विमानं ओळखायला छापलेल्या लष्करी ओळखपत्रिकांचा गठ्ठा मिळाला. त्यात प्रत्येक विमानाची काळी आकृती होती, पुढून, बाजूनं आणि खालून. त्या दिवसापासून तिनं अंदाजानं काही करणं सोडलं. एक इंच म्हणजे सहा फूट, हे माप ठरलं आणि ते कधी बदललं नाही.

१९५८ च्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ हयवदन याचा मित्र विश्वेश्वर विलायतेहून परतला. त्यानं सत्यवतीसाठी एक चपटी पेटी आणली होती. आत प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला चिकटलेले छोटे छोटे भाग होते. पंख, चाकं, पंख्याची पाती, शेंगदाण्याएवढा वैमानिकसुद्धा. तुकडे सोडवायचे, नळीतल्या गोंदानं जोडायचे, की हरिकेन हे लढाऊ विमान तयार.

सत्यवतीनं पेटी उघडली. दोन महिने कोरून जो पंख होत नव्हता, तो इथं आयता, कागदासारख्या पातळ कडेचा! तिनं तो उजेडात धरला, उलटा केला, कमलाच्या हातात दिला, पुन्हा काढून घेतला. मग ती कर्कटक आणि पट्टी घेऊन बसली. चाळीस फुटांचा पंखविस्तार, म्हणजे सहा इंच आणि दोन तृतीयांश. बरोबर! लांबी बरोबर. मग तिनं पोटाखालची, इंजिनाचं पाणी थंड करायची पेटी जागेवर धरून पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अण्णा, हे चुकलंय." हयवदन धाकटा असला तरी घरातल्या रीतीप्रमाणे ती त्याला अण्णाच म्हणायची.

"काय चुकलंय?"

"ही पेटी फार पुढं आहे. पंखांची टोकंही मला जास्तच गोल वाटतात."

हयवदन हसला. "अक्का, ते यंत्रावर करतात. चुकेल होय?"

"यंत्राला आकडा कुणी दिला? माणसानंच ना?"

"मग तुझी वही कुणी काढली? माणसानंच ना?"

हे मात्र तिला लागलं. गच्चीवरून, हजार फुटांवरचं विमान पाहून काढलेली चित्रं ती. ओळखपत्रिकेवरची आकृती तर तळहाताएवढी. खरं विमान तिनं हाताच्या अंतरावरून कधी पाहिलंच नव्हतं. तीन आठवडे विलायतेची ती चपटी पेटी मेजावर पडून राहिली. सत्यवती रोज ती उघडायची, पोटाखालच्या पेटीकडे बघायची आणि झाकण लावायची. चूक वाटत असताना चिकटवणं तिच्या हातून होईना, आणि चूक आहे असं छातीवर हात ठेवून सांगताही येईना.

हयवदन एका लिलाववाल्याच्या कचेरीत कारकून होता. एका शनिवारी रात्री जेवताना तो सहज म्हणाला, "आज गंमत झाली. एका तंत्रशाळेनं आवारातलं जुनं विमान भंगारात काढलं. मुलांना शिकवायला ठेवलेलं होतं म्हणे. हरिकेन का कायसं."

सत्यवतीच्या हातातला सारभाताचा घास ताटात पडला. "कधी?"

"विकलं गेलं ग. भंगारवाला उद्याच कापणार आहे."

"उद्या किती वाजता?"

"अक्का, जेव आधी."

"किती वाजता, अण्णा?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं दोघं निघाली. सत्यवतीच्या पिशवीत शिंप्याची टेप, ओळंबा, खडू, चौकटीचा कागद आणि कमलानं बांधून दिलेला चित्रान्नाचा डबा होता. तंत्रशाळेच्या मागच्या मैदानात, गुडघाभर गवतात, ते उभं होतं. नाक किंचित वर, शेपूट गवतात, अंगावर पोपडे सुटलेला चंदेरी रंग. सत्यवती धावत सुटली. बत्तीस वर्षांची शिक्षिका पदर खोचून गवतातून धावते आहे, हे पाहून हयवदननं आजूबाजूला कुणी पालक नाही ना, याची खात्री करून घेतली.

पंखाखाली एक आडदांड माणूस हत्यारं मांडत होता. "एय, यारम्मा?" कोण बाई ती, असं तो कानडीत ओरडला.

सत्यवती तोवर विमानाच्या पोटाखाली शिरली होती. तिथूनच ती ओरडली, "अण्णा, टेप दे, लवकर! स्वल्प उजेड सोड!"

तो माणूस थबकला. "तुमी मराठीच काय ओ?"

"हो," हयवदन म्हणाला. "आम्ही इथलेच. पिढ्यान् पिढ्या."

"मी यल्लाप्पा. खानापूरकडचा. सा म्हैने झाले हिकडं येऊन, मराठी ऐकायलाच न्हाई बघा." मग त्यानं वाकून खाली पाहिलं. "बाई काय मोजूलायत?"

"विमान," सत्यवती आतून म्हणाली.

"मोजून काय करतासा? बांधूलायसा काय दुसरं?"

"हो."

"केवढं?"

सत्यवती बाहेर आली. केसांत गवत, गालावर वंगण. तिनं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढं. वीतभरसुद्धा नाही."

यल्लाप्पा आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. "बाई, दुपारी मालकाची लारी येणार. तवर तुकडे पाडाय लागतात. मी थांबलो तर माझी नोकरी जातिया."

"तुम्ही थांबू नका," सत्यवती म्हणाली. "कुठून सुरू करणार?"

"शेपटाकडनं."

"सरी, ठरलं. मला शेपटीला अर्धा तास द्या. मी पुढं सरकते, तुम्ही मागून कापत या."

आणि खरंच तसंच झालं. सत्यवती मोजत पुढं आणि यल्लाप्पा कापत मागं. तिनं शेपटीच्या खालचा, माशाच्या परासारखा छोटा भाग मोजला, मागचं चाक मोजलं, आकडे ओरडून सांगितले, हयवदननं लिहिले, आणि ती दोन पावलं सरकताच मागं करवतीचा आवाज सुरू झाला. मागच्या अंगाला कापड ताणून बसवलेलं होतं. बऱ्याच ठिकाणी फाटलेलं, पण जिथं शाबूत होतं तिथं खालच्या लाकडी पट्ट्या जेमतेम जाणवत होत्या. प्लास्टिकवर मात्र त्याच पट्ट्या उपाशी म्हशीच्या बरगड्यांसारख्या वर आलेल्या होत्या. "लिही, अण्णा! बरगड्या घासायच्या!"

दहा वाजता यल्लाप्पानं तिला हाक मारली. पंखाच्या मुळाजवळचा चंदेरी पोपडा त्यानं छिन्नीनं उडवला होता. खाली गडद हिरवा रंग होता, त्याला लागून मातकट तपकिरी. युद्धातला रंग, वरच्या चंदेरीखाली पंधरा वर्षं झाकून राहिलेला. सत्यवतीनं त्यावर हात ठेवला आणि क्षणभर मोजायचं विसरली.

"तुकडा काढून देऊ काय?" यल्लाप्पानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दोन्ही रंगांचे टवके कागदात बांधून दिले.

आता यल्लाप्पालाही चेव चढला होता. पंखाचं टोक मोजायला तो स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला. सत्यवतीनं ओळंबा सोडला, जमिनीवर खडे ठेवून खुणा केल्या, आकडे सहा-सहा फुटांनी भागले आणि मान हलवली. "टोकं बरोबर आहेत, अण्णा. प्लास्टिकवाल्यांचीच बरोबर. माझी वही चुकली."

"मग पेटी?"

शेवटची तीच राहिली होती. मैदानापलीकडे लारीचा भोंगा वाजला. यल्लाप्पानं तिकडे पाहिलं आणि करवत खाली ठेवली. "बाई, जावा आत. लारी फाटकातनं वळूस्तवर टाइम हाय."

सत्यवती उताणी पडून पोटाखाली सरकली. टेप हनुवटीनं दाबून धरली. पंखाच्या पुढच्या कडेपासून पेटीच्या तोंडापर्यंत एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा लारी येऊन उभी राहिली होती आणि मालक विचारत होता की विमानाखालून बाईचे पाय कसे काय दिसताहेत.

"नऊ इंच!" आतून किंकाळीवजा आवाज आला. "अण्णा, नऊ इंच मागं! त्यांच्या मापात इंचाचा आठवा भाग! चुकलंय म्हणाले होते की नाही!"

यल्लाप्पानं मालकाला कानडीत काय सांगितलं ते हयवदनला नीट ऐकू आलं नाही, पण मालकानं बाईंना नमस्कार केला आणि लारी पाच मिनिटं तशीच उभी राहिली.

पुढचे दोन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. सत्यवतीनं दाढीच्या पात्यानं पोटाखालची ती पेटी बारीक कापून मागं सरकवली, बरगड्या पॉलिश कागदानं घासून इतक्या उतरवल्या की त्या बोटाला लागतील पण डोळ्यांना जेमतेम दिसतील. टवके समोर ठेवून तिनं तैलरंग सात वेळा कालवले. एकच गोष्ट अडली. विमानाच्या पाठीवरच्या छोट्या खांबापासून शेपटीपर्यंत जाणारी बिनतारी संदेशाची तार. दोरा लावला तर तो जाड दिसे, वर त्याला तुसं.

तो प्रश्न कमलानं सोडवला. उरलेली प्लास्टिकची काडी तिच्याकडून शेगडीच्या कडेला राहिली आणि वितळायला लागली. उचलायला गेली तर काडीचे दोन भाग झाले आणि मध्ये केसासारखा धागा ओढला गेला. "अक्का!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. "अक्का, पळत या! एकतारी पाक झालाय बघा!"

सत्यवती आली, पाहिलं आणि भावजयीला तिनं घट्ट मिठीच मारली. त्या संध्याकाळी दोघींनी मिळून तीसेक तारा ओढल्या. सर्वात बारीक तार कमलानंच निवडली.

पुढच्या वर्षी शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. भरतकाम, मातीची फळं, कागदी फुलं. मुख्याध्यापिकांनी शिक्षकांनाही काही ठेवा म्हटलं. सत्यवतीनं धीर करून हरिकेन ठेवलं. पाहुणे म्हणून हवाई दलातले निवृत्त अधिकारी प्रतापराव आले होते. बंगळूरच्याच जुन्या मराठा घराण्यातले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते भरतकामाचं कौतुक करत, हात मागं बांधून चालले होते. हरिकेनपाशी आले आणि थांबले. वाकले. चष्मा काढून पुन्हा वाकले. मग सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून त्यांनी मेजाच्या कडेवरून त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"हे कुणी केलं?"

सत्यवती पुढं झाली. शाळेतले सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"डाव्या बाजूला पाय ठेवायची कडी आहे," प्रतापराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "बाई, ब्रह्मदेशात दीड वर्ष मी रोज त्या कडीवर पाय ठेवून चढलो. ही कडी कुठल्या चित्रात दिसत नाही. तुम्हाला कशी ठाऊक?"

"मोजली," सत्यवती म्हणाली. "विमान कापायच्या आधी."

मग तिनं त्यांना सगळी हकीकत सांगितली. यल्लाप्पा, लारी, नऊ इंच. प्रतापराव मोठमोठ्यानं हसत होते, आणि मध्येच विचारत होते, "मग? मग काय झालं?" शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही उडालात कधी?"

"नाही."

"मी जक्कूरच्या फ्लाइंग क्लबात शिकवतो. रविवारी या."

रविवारी सगळं घर जक्कूरला गेलं. कमलानं सत्यवतीच्या साडीला जागोजागी पिना लावल्या होत्या. दोन मजली पंखांचं, उघड्या बैठकांचं ते पिवळं विमान पाहून हयवदन दोन पावलं मागं सरकला. सत्यवती त्याच्याभोवती दोनदा फिरली, पंखांमधल्या तारा तिनं मोजल्या, तेव्हा प्रतापराव म्हणाले, "अक्का, मोजणं नंतर. आधी बसा."

एका माणसानं हातानं पंखा फिरवला, इंजिन खोकलं, धडधडलं. गवत मागं पळायला लागलं आणि मग अचानक खडखडाट बंद झाला. सत्यवतीला कळलं की चाकं जमिनीवर नाहीत. वारा प्रतापरावांनी दिलेल्या वैमानिकाच्या चष्म्यावर आदळत होता. खाली हेब्बाळचं तळं तव्यासारखं चकाकलं. शेतं, कौलं, रस्त्यावरच्या बैलगाड्या. विमान एका अंगावर कललं, पंखाचं टोक सरळ जमिनीकडे वळलं, आणि सत्यवती ओरडली. भीतीनं नव्हे. मागं बसलेल्या प्रतापरावांना बोलायच्या नळीतून ते ऐकू गेलं.

"घाबरलात?"

"नाही! दुसऱ्या बाजूनं वळवा!"

त्यांनी दुसऱ्या बाजूनं वळवलं.

उतरल्यावर हयवदन आणि कमला धावत आली. सत्यवतीच्या अर्ध्या पिना निघाल्या होत्या, केस चष्म्याच्या पट्ट्यात अडकले होते, चेहरा लाल झाला होता. कमला तिला खाली उतरवायला हात पुढं करून उभी राहिली. सत्यवती उतरेना. ती मान वळवून प्रतापरावांकडे बघत होती.

"पुन्हा एकदा?"

प्रतापरावांनी वरच्या पंखावरच्या काचेच्या नळीतलं पेट्रोल पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"सरी," ते म्हणाले आणि पंखा फिरवणाऱ्याला त्यांनी हात केला.