चुलवाणापुढचा कपिल

"नाना, उतरवा आता. वास फिरलाय. आवं, अजून दोन उकळ्या गेल्या तर करपंल."

कायलीखालच्या भट्टीच्या, चुलवाणाच्या तोंडापाशी बसलेला कपिल खालनं बोलला. मी वर, रस उकळणाऱ्या कायलीपाशी. दादासोंच्या गुऱ्हाळावर अठ्ठावीस हंगाम गुळव्या म्हणून, गूळ उतरवण्यात काढलेला माणूस मी, आणि मला सांगतोय कोण, तर जाळ घालणारा.

कपिल म्हणजे धोंडीबाचा पोरगा. धोंडीबानं याच चुलवाणात उभा जन्म चिपाडं सारली. तो गेल्यावर पोरगा त्याच जागेवर बसला. बारावी शिकलेला. कराडाकडं, सांगलीकडं नोकरी धुंडून झाली, मग इथंच रुळला. भुवया जळालेल्या, बोलणं मोजकं. रस आटताना उकळीचा आवाज कसा जड होतो, वास कुठं फिरतो, हे त्याला खाली बसून कळायचं. कायल दिसत नसताना.

खालच्यानं वर यायचं नाही, अशी आमची रीत. राख पडते गुळात, असं आम्ही म्हणायचो. उसाची मोळी टाकायला आलेला कुणीही चिखलाच्या पायांनी वर चढायचा, तो चालायचा. कपिलचा चहाचा कप तेवढा वेगळ्या खुंटीला. कुणी ठरवलं नव्हतं. मी मोडलंही नाही.

त्यात आठ दिवसांमागं दादासो म्हणाले होते, "नाथाजी, धुरानं डोळं गेलं तुजं. म्होरल्या हंगामाला कपिलला वर घिऊ." तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता.

मी बोटं पाण्यात बुडवून पाक उचलला. गोळी घट्ट बसली होती. कायल उतरवायलाच पाहिजे होती. पण त्याच्या सांगण्यावर उतरवली, तर माझं काय उरलं? मी उगाच ढवळत राहिलो.

निवायला वाफ्यात ओतला तेव्हा गूळ काळा पडला होता. ऊस घालून तिथंच थांबलेल्या आप्पासोंचं अख्खं आदण, कायलभर रस, वाया.

दादासो धावत आले. मी म्हणालो, जाळ लय झाला. एवढंच. कपिलचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही. चार माणसं उभी होती, एकानंही वाकून चुलवाणात बघितलं नाही. दादासोंनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

कपिल त्यांना सोडून माझ्याकडं वळला.

"नाना, जाळ मी कवाच मागं वडला हुता. तुमच्या म्होरं. मला हितनं काडा, पर माज्या हातनं जळलं म्हणू नगा. माजा बा हितंच राबून गेलाय."

खोटं रेटायला माणसं होती माझ्या बाजूला, पण रेटवेना.

"दादासो, जाळ त्यानं वडला हुता. उतरवा म्हणला. म्याच कायल जाणून ठिवली वर."

आप्पासो बाजूला थुंकले आणि मोटारसायकलकडं गेले. दादासोंनी काळ्या गुळाकडं बघितलं. मग म्हणाले, पुढचं आदण कपिल उतरवंल.

कपिल जागचा हलला नाही.

"मी वर आलो, तर जाळाला कोण बसतंय?"

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं, पण त्याच्या जागेवर बसायला कुणी पुढं सरलं नाही. मीही नाही. घाण्यावरनं ताजा रस येतच होता. कपिलनं चिपाडांचा भारा ओढला, खाली बसला आणि चुलवाणात सारायला लागला.