बाळासाहेबाच्या वाट्याचा कसुंबा

"आधी नको म्हणा, विचार मागाहून करा," हे आमच्या कवायतीच्या मास्तरांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ते उजवा हात छातीसमोर उभा धरत, तळवा समोरच्याकडे, आणि मान किंचित मागे घेत. वर्गात कोणी नुसती भूगोलाची वही पुढे केली तरी तो हात आपोआप उभा राहायचा. सारं जग आपल्याला बिघडवायलाच टपलं आहे असं ज्यांना वाटतं, असे एखादे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. आमचे त्यातलं अस्सल वाण होते.

ते पुण्याकडून देवासला आले ते एक ट्रंक, व्यायामाच्या मुद्गलांची जोडी आणि माळव्याविषयी भरपूर गैरसमज घेऊन. बोर्डिंगातली आम्ही सगळी मिसरूड फुटू लागलेली पोरं त्यांच्या ताब्यात दिली गेली. कवायत आणि आरोग्य असे दोन विषय ते शिकवीत, आणि दोन्ही एकाच आवाजात. पहाटे विहिरीवर गार पाण्याने अंघोळ, मग देवीच्या टेकडीवर धावत जायचं, मग भिजवलेले चणे. चहा वर्ज्य, विडी वर्ज्य, पान वर्ज्य, आरशात फार वेळ पाहणंही वर्ज्य.

इतकं सगळं पाळणाऱ्या माणसाला बारमाही सर्दी होती. गार पाण्याचे गुण सांगताना ते दर वाक्याला शिंकत. "दोष बाहेर पडताहेत," असं ते नाक पुसत सांगायचे. आम्हाला कोणाला सर्दी नाही हे पाहून त्यांना काळजी वाटे. "तुझी आत अडकली आहे," असं ते मला दयेने म्हणाले होते, आणि मी दोन दिवस आतल्या सर्दीच्या धास्तीने जेवलो नाही.

गुरुवारी नकाराची कवायत असे. हा प्रकार तुम्ही दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिला नसेल. आम्ही रांगेत उभे राहायचो आणि मास्तर मोहात पाडणारा दुष्ट इसम व्हायचे. त्यासाठी ते एका टांगेवाल्याकडून माळवी शिकले होते.

"ले नी भिया, एक बार में कई बिगड़े?" म्हणजे एकदा घेतल्याने काय बिघडतं, असं म्हणत ते रिकामी मूठ पुढे करायचे.

"नको," सगळी रांग एका सुरात म्हणायची आणि सगळे हात उभे राहायचे.

"थारा बाप भी तो लेवे है."

"नको."

ते इतकं लाडीगोडीने बोलत की त्या मुठीत काहीतरी असतं तर आम्ही नक्की घेतलं असतं. एरवी कोरडे ठणठणीत मास्तर तेवढा अर्धा तास फार लोभस दिसायचे.

देवासात तेव्हा दोन संस्थानं होती, आणि रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. आम्ही मुकाट्याने रस्ता ओलांडून पलीकडे पान खायचो. मास्तरांचे नियम परमुलखात लागू नाहीत असा आमचा निवाडा होता. मास्तर अलीकडच्या कडेला उभे राहून हात उभा धरीत, पण पलीकडे येत नसत. परक्या हद्दीत शिस्त गाजवणं त्यांना बेकायदा वाटे. पानवाला त्यांना रोज राम राम घाली आणि हसून हसून त्याच्या हातातला चुना सांडे.

खरं म्हणजे मास्तर फार उशिरा आले होते. माळव्यात बाई शेतावर निघाली की तान्ह्याला तिळाएवढी अफू चाटवून जायची. म्हणजे मास्तरांनी आम्हाला नको म्हणायला शिकवण्याच्या कितीतरी आधी आमच्यातल्या अर्ध्यांनी हो म्हटलेलं होतं.

बोर्डिंगचं धान्य येई टोंकखुर्दकडच्या एका जहागीरदारांच्या कोठारातून. सगळे त्यांना काकासाहेब म्हणत. त्यांच्या जमिनीत माघात अफूच्या पांढऱ्या फुलांचा समुद्र असायचा, आणि घराणं त्या फुलांवरच उभं होतं. त्यांचा पुतण्या बाळासाहेब आमच्या वर्गात होता. अंगाने काटकुळा, टेकडीवर सगळ्यांत आधी पोचणारा. त्याचे वडील, आबा, एका दुपारी लोडाला टेकून बसले ते टेकूनच राहिले होते. अफूने गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि वाड्यात तसं कोणी म्हणत नसे.

या घराण्यात एक चाल होती. मुलगा सोळाव्यात आला की दसऱ्याच्या बैठकीत थोरल्याने आपल्या तळहातावर कसुंबा, म्हणजे पाण्यात कालवून गाळलेली अफू, घ्यायचा आणि मुलाने तो त्या हातातूनच प्यायचा. तेव्हापासून तो पुरुषांत धरला जाई आणि मग प्रत्येक सणाला त्याचा वाटा निघे. ही चाल शेजारच्या ठाकुरांकडून उचललेली. आमचे पूर्वज तलवारी घेऊन माळव्यात आले, आणि ठाकुरांनी त्यांना कसुंबा पाजला. कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा.

त्या वर्षी बाळासाहेबाची पाळी होती. तो आठवडाभर नीट जेवला नाही. शेवटी त्याने मास्तरांना गाठलं. मी शेजारीच मुद्गल पुसत होतो.

"मास्तर, काकासाहेबांना नको कसं म्हणायचं? मला आबांसारखं व्हायचं नाही."

"मला म्हणतोस तसंच," मास्तर म्हणाले. "हात उभा, मान मागे. पोरा, त्यात आहे काय?"

रांगेतल्या रिकाम्या मुठीत आणि काकासाहेबांच्या भरल्या हातात काही फरक असेल, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं.

दसऱ्याला आम्ही बोर्डिंगातले सगळे सोनं द्यायला वाड्यावर गेलो आणि रिवाजाप्रमाणे भिंतीशी रांगेत उभे राहिलो. बैठक भरली होती. काकासाहेबांनी तळहात खोलगट केला, त्यात कसुंबा ओतून घेतला आणि हात पुढे केला. "ये बाळ."

बाळासाहेब पुढे झाला. त्याचा हात उभा राहिला, मान मागे गेली. "नको, काकासाहेब," तो म्हणाला. आवाज फाटला, पण शब्द स्पष्ट होता.

आणि मग, आम्हाला कोणी काही देऊ केलेलं नसताना, सवयीने आमच्या सगळ्या रांगेचे हात उभे राहिले आणि आम्ही एका सुरात म्हणालो, "नको."

इतकी चोख कवायत आम्ही गुरुवारीही कधी केली नव्हती.

काकासाहेबांनी हात तसाच धरून विचारलं, "ये किसने सिखाया इनको?"

मास्तर दाराशी उभे होते. ते पुढे आले. "मी," ते म्हणाले, आणि शिंकले.

"अच्छा," काकासाहेब हसले. ते संतापले असते तर बरं झालं असतं. "मास्तर, हात भरला आहे. आमच्यात भरलेला हात जमिनीवर रिता होत नसतो. बाळचा वाटा कोणीतरी घ्यायलाच हवा."

"मी घेतला तर?"

"तर आज बाळ सुटला."

"आणि पुढच्या सणाला?"

"पुढच्या सणाला पुन्हा हात भरेल, मास्तर."

आमच्याकडे हात उभा करून उभं राहणाऱ्या त्या माणसाचा हात या वेळी उभा राहिला नाही. आधी नको म्हणा असं जन्मभर सांगणाऱ्याने त्या दिवशी आधी विचार केला. मग वाकून त्याने काकासाहेबांच्या तळहाताला तोंड लावलं. मिशा ओल्या झाल्या. बैठकीने वाहवा केली.

पुढल्या गुरुवारी रांगेतून कोणीतरी विचारलंच, "मास्तर, तुम्ही हो का म्हणालात?"

"विचार केला म्हणून," मास्तर म्हणाले. "तीच चूक झाली. तुम्ही करू नका. चला, हात."

गावाला तर वर्षभराची मेजवानी मिळाली. पानवाला रस्त्यापलीकडून ओरडायचा, "मास्टर साब, म्हारा पान में कई खोट थी?" काकासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की पुण्याच्या बामणाला आम्ही माणसांत आणलं. दिवाळीचा पाडवा आला, संक्रांत आली, होळी आली. दर सणाला मास्तर धुतलेला कोट घालून वाड्यावर जात, बाळासाहेबाचा वाटा पिऊन येत आणि गुरुवारी आम्हाला अफूचे दुष्परिणाम शिकवीत. आता त्यांचा अभ्यास पक्का होता.

सण सणांपुरते राहिले नाहीत. ती वस्तू तशी राहू देत नाही. मास्तरांच्या कोटाच्या खिशात डबी आली. गंमत अशी की त्यांची सर्दी गेली. गार पाण्याला जे कधी जमलं नाही ते अफूने महिन्यात करून दाखवलं. ते टेकडीच्या पायथ्याशीच बसू लागले, आणि आम्ही वर पोचलो की शिटी वाजवायची तीही विसरू लागले. बाळासाहेब उतरून त्यांना हाताला धरून घरी नेई.

"मास्तर, आता माझा मी घेतो," तो एकदा म्हणाला.

"तू गप्प बस," मास्तर जांभई देत म्हणाले. "तुझं वय नाही. माझं आता काय बिघडायचं राहिलं आहे?"

मला त्यांचा आजही राग येतो. दुसरा एखादा हुशार माणूस ताप आल्याचं सांगून घरी बसला असता, मुलाला इंदुरास पाठवून मोकळा झाला असता. यांना ते सुचलंच नाही. हाताशी आलेलं पोर वाचवायचं तर त्याचा वाटा आपण प्यायचा, एवढाच हिशोब त्यांना आला. असा मठ्ठ आणि असा चांगला माणूस मी नंतर पाहिला नाही.

एका पावसाळ्यात ते गेले. गाव म्हणालं अफूने, वैद्यबुवा म्हणाले गार पाण्याने. दोघांनीही आपापला मुद्दा सिद्ध झाल्याचं समाधान मानलं.

त्या दसऱ्याला काकासाहेबांनी नेहमीप्रमाणे हात भरून घेतला आणि सवयीने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. बैठकीतले लोक पगड्या सावरत राहिले. ताटकळलेल्या तळहातातून कसुंबा मनगटावर ओघळू लागला.

बाळासाहेब उठला. आम्हाला वाटलं, संपलं, आता हा पिणार. त्याने पाण्याचा तांब्या उचलला, काकासाहेबांच्या समोर गुडघे टेकले, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि धुवायला सुरुवात केली. बोटांच्या फटींतून तांबूस पाणी गालिच्यावर पडत होतं.

"मास्तरांच्या मागे घेणारं कोणी उरलं नाही, काकासाहेब," तो म्हणाला.

काकासाहेबांनी एकदा सगळ्या बैठकीकडे पाहिलं. मग त्यांनी तो हात धुऊ दिला.