मेंढरांनी पास केलेला माइक

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर एकही वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घेतलेली नाही आणि एकही माणूस माणसांच्या शब्दावर मानलेला नाही. खरं काय आणि खोटं काय हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या लेखी जगात एकाच जमातीला आहे, ती म्हणजे मेंढरं. लेकानं एकदा हौसेनं पिवळाधमक रेनकोट आणला. साडूंनी तो अंगात घातला आणि तडक वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या काटेरी कुंपणात गेले. साठ-सत्तर मेंढरं घाबरून एका कोपऱ्यात दाटली. रेनकोट त्याच दिवशी दुकानात परत गेला. "ज्यांच्यासाठी भिजायचं त्यांनीच वळखलं न्हाई, तर कोरडं राहून काय करायचं?" असं म्हणून त्यांनी जुनं घोंगडं पुन्हा डोक्यावर घेतलं. बॅटरी, काठी, चपला, लेकाच्या मोटारसायकलीचा हॉर्न, सगळं या परीक्षेतून गेलेलं आहे. हॉर्न नापास झाला. तो अजून नापासच आहे, लेक तोंडानंच "सरका, सरका" म्हणत गाडी चालवतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो, ते मला पावणं म्हणतात. गाव सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात, कर्नाटकाच्या इतकं कडेला की त्यांच्या मराठीत निम्मं कानडी आपसूक मिसळतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझी पगाराची चिठ्ठी पाहिली, पत्रिका पाहिली. दाजींनी काहीच पाहिलं नाही. मला वाडग्यात नेऊन मधोमध उभं केलं आणि स्वतः कुंपणावर बसून तंबाखू मळत राहिले. अर्ध्या तासानं एक काळीपांढरी, बांडी मेंढी आली, माझी नवी पँट हुंगली आणि तिथंच रवंथ करत बसली. दाजी घरात जाऊन सासऱ्यांना म्हणाले, "द्या पोरगी. बुजली न्हाईत." माझा संसार त्या बांडीच्या शिफारशीवर उभा आहे. ती माझ्या बाबतीत चुकली असावी, असं मला पुढं फार दिवस वाटत राहिलं. ते का, तेच सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

माझ्या आजोबांचीही मेंढरं होती. वडिलांनी ती विकली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला हायसं वाटलं होतं. आता मी शिरवळला एका कारखान्यात गुणवत्ता तपासतो. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि बरोबर असेल त्यावर गोल हिरवा स्टिकर लावायचा. दाजींना माझ्या नोकरीतलं एवढंच कळतं आणि एवढंच आवडतं. "म्हंजे तुमी तिथलं मेंढरूच की," असं त्यांनी भर जेवणात सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी कुणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

गेल्या वर्षी दाजींचे गुडघे संपले. दसरा झाला की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं, सातारा जिल्ह्यात लोणंदच्या अंगाला बागायती शेतांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हे त्यांनी चाळीसेक वर्षं केलं. डॉक्टरांनी आता चालणं बंद म्हणून सांगितलं. कळप लेक आणि सून नेणार होते. अडचण एकच होती. लेक कामाला वाघ, पण मेंढरं त्याचं ऐकत नाहीत. दाजींच्या हाका निरनिराळ्या आहेत. थांबायची वेगळी, डांबरी रस्ता ओलांडायची वेगळी, पाण्याची वेगळी. सगळ्यांत गोड संध्याकाळची. कानडीत 'बा' म्हणजे ये. एक लांब "बाऽऽ" आणि मागून तीन आखूड "बा, बा, बा". ती आली की माळावर पसरलेलं अख्खं पांढरं-काळं रान मान वळवून घराकडं चालू लागतं. लेकानं तीच हाक मारली की एखादं कोकरू उपकार केल्यासारखं बघतं, बस्स.

तेव्हा दाजींनी ठरवलं की पाय जाणार नसतील तर आवाज तरी कळपाबरोबर जाईल. हाका आणि सगळं शहाणपण व्हिडिओत भरायचं. लंगडणाऱ्या मेंढराचा खूर कसा बघायचा, कुठला पाला कधी विषारी होतो, कुठल्या शेतमालकाकडं चहा मागायचा आणि कुठल्याकडं नुसता रामराम घालून पुढं जायचं. समोर बसवून लेकाला का सांगत नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "समोर सांगितलं की ते उलटून बोलतंय. कांपुटरातनं सांगितलं की गप ऐकावंच लागतंय!"

फोनवर काढलेल्या पहिल्या व्हिडिओत जतच्या वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. म्हणून सांगलीला जाऊन त्यांनी यूएसबी माइक आणला. दुकानदार गुणधर्म सांगत होता आणि हे दोन माइक दोन हातांत कोकरं तोलावीत तसे तोलत होते. जड होता तो घेतला. "हलकं जनावर टिकत न्हाई," हे त्यांचं कारण. घरी येताच वाऱ्याचा बंदोबस्त म्हणून कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची एक गुबगुबीत टोपी विणून त्यांनी माइकच्या डोक्यावर चढवली. मी पोट धरून हसलो. पुढं पुण्याच्या एका दुकानात अगदी तशीच केसाळ टोपी काचेच्या कपाटात मानानं ठेवलेली पाहिली, तेव्हा हसू ओशाळून परत आलं. न शिकलेल्या माणसाला हे कुठून सुचतं, याचा विचार मी घरापर्यंत करत होतो.

माइक जोडायला अर्थातच मला बोलावणं आलं. माझा जुना लॅपटॉप मी त्यांना देऊन टाकला होता आणि नात्यात कॉम्प्युटरवाला पाहुणा मीच. घराच्या पुढच्या सोप्यात दहा-बारा माणसं जमली. मी तार लावली, माइकवरचा हिरवा दिवा पेटला, लोक "आँ" म्हणाले. माइकच्याच बुडाला हेडफोन लावून दाजींच्या कानांवर चढवले. ते हाक मारून बघतात तो स्वतःचा आवाज कानात खणखणीत. माझ्या मेव्हणी, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, त्या म्हणाल्या, "बघा बया, स्वतःचंच ऐकून कसं खुळ्यागत हसतंय!"

आता माझा गुन्हा. असा माइक हेडफोनमध्ये आवाज परस्पर पोचवतो, लॅपटॉप तो घेत असो वा नसो. लॅपटॉपला वेगळं सांगावं लागतं. आवाज कुठून घ्यायचा त्या यादीत दोन नावं होती. वरचं लॅपटॉपच्या पोटातल्या जुन्या माइकचं, खालचं या नव्याचं. खालच्या नावावर एकदा टिचकी मारायची, एवढंच काम उरलं होतं. मी ते केलं नाही. रेकॉर्ड करून पाहिलंही नाही. एसटीची वेळ झाली होती आणि माणसं कौतुकानं बघत होती. मी खिशातून कारखान्याचा हिरवा स्टिकर काढला, माइकच्या पायाला चिकटवला आणि म्हणालो, "पास!" सगळे टाळ्या वाजवत मला फाट्यापर्यंत सोडायला आले.

दाजी अर्थातच स्टिकरवर थांबणारे नव्हते. त्यांनी संध्याकाळची हाक रेकॉर्ड केली, लॅपटॉप घोंगड्यात गुंडाळून वाडग्यात नेला आणि कुंपणाआडून वाजवली. "मेंढरं फसली पायजेत," ही त्यांची कसोटी. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. आठ दिवस त्यांनी हाका पुन्हा पुन्हा भरून वाजवून पाहिल्या. वेगळ्या वेळी, वेगळ्या अंतरावरून, एकदा तर मेंढरांना मीठ चारून. मग त्यांचा मला फोन आला.

"पावणं, माइक चांगला हाय वो. तुमचा स्टिकर हाय म्हटल्यावर परश्नच न्हाई. माजाच आवाज गेलाय."

"असं कसं दाजी?"

"ही कवळी बसवलीया न्हवं दोन म्हयन्यामागं. तिनं खाल्ला बघा आवाज. मला कानात बराबर वाटतुया, पर मेंढरं खोटं बोलत्यात व्हय? सांजचं येत्यात ती मला बघून येत्यात, आवाजाला न्हवं."

त्यांच्या लेकानं फोनवर पाठवलेली ती हाक मी ऐकली. विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज, त्यावर लॅपटॉपच्या पंख्याची घरघर आणि मधेच आक्कांनी आपटलेलं पातेलं. दोन सेकंदांत मला कळलं की आवाज पोटातल्या माइकनं घेतलाय. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना कळलं असतं की शिरवळच्या गुणवत्ता तपासनीसानं न तपासताच स्टिकर लावला. मी म्हणालो, "होईल हळूहळू सवय, दाजी." आणि फोन ठेवला.

याहून हलकं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. पुढचे तीन आठवडे कारखान्यात प्रत्येक हिरव्या स्टिकरवर मला दाजींचा चेहरा दिसायचा. तिकडं त्यांनी कवळी काढून फडक्यात बांधून ठेवली आणि भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. मग एक दिवस आक्कांचा फोन आला. "भावजी, यांनी हाक मारायचंच सोडलंय. येवढी वर्षं गेली, सांजचं वाडग्याकडं गेलं न्हाईत असं कवा झालं न्हाई. म्हणत्यात, मेंढरांनी वळखलं न्हाई तर तोंड कसं दाखवू?" दसरा आठ दिवसांवर आला होता.

रविवारी पहाटेची एसटी धरून मी सातारा, सांगली करत दुपारी पोचलो. दाजी खाटेवर बसून लोकर पिंजत होते. तोंड आत गेलेलं, दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. मी ठरवून गेलो होतो की गुपचूप टिचकी मारायची आणि मशीनचीच काहीतरी लहर होती म्हणायचं. ते चहा सांगायला आत गेले तेवढ्यात मी खालचं नाव निवडलं. "दाजी, कवळी घाला आणि एकदा हाक मारा," म्हटलं. ते तयार होईनात. आक्का आतून म्हणाल्या, "मारा की! पावणं येवढ्या लांबनं काय चहा प्यायला आल्यात?" तेव्हा कुठं त्यांनी कवळी चढवली आणि डोळे मिटून लोकरीच्या टोपीपुढं ती हाक सोडली.

लॅपटॉप घोंगड्यात गुंडाळून आम्ही कुंपणाआड गेलो. मी बटण दाबलं. "बाऽऽ... बा, बा, बा." सगळं वाडगं एकदम वळलं. मेंढरं कुंपणाला येऊन भिडली, घोंगड्याला तोंडं लावू लागली. दाजी गुडघे विसरून जागच्या जागी नाचले. मला मिठी मारून म्हणाले, "पावणं, जादू केली तुमी! माजा आवाज परत आणला गड्या!"

नेमकं ते मला सोसलं नाही. रागावले असते तर कदाचित खोटं पचलंही असतं. मी तिथंच, मेंढरांच्या देखत, सगळं सांगितलं. यादीतली दोन नावं, एसटी, टाळ्या आणि तीन आठवड्यांपूर्वी फोन ठेवताना मला सगळं माहीत होतं, तेही.

दाजींनी कवळी जिभेनं चाचपली. "तीन हप्ते मी दुधात भाकरी खाल्ली व्हय?" एवढंच म्हणाले. मग सोप्यात जाऊन माइक घेऊन आले, नखानं तो हिरवा स्टिकर हळूहळू सोलला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर चिकटवून वर थाप मारली. "त्यो माइकला लवकर लावला हुता. आता ठीक हाय. आता पास." ती थाप मला अजून जाणवते. माझ्या साहेबांनी दिलेली प्रशस्तिपत्रं कपाटात आहेत. तो स्टिकर पाकिटात आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सतरा व्हिडिओ केले. प्रत्येकाची सुरुवात "ऐक रं" अशी आणि एकात ते मधेच उठून कोकरू बघायला गेल्यामुळं दहा मिनिटं नुसती खाट. दसऱ्यानंतर कळप निघाला, लेकाच्या फोनमध्ये बापाचा आवाज घेऊन.

महिन्याभरानं मी पुन्हा जतला गेलो होतो तेव्हा लोणंदच्या बाजूनं लेकाचा फोन आला. दाजींनी तो मोठ्यानं लावला.

"दादा, तुमची हाक लावली. समदी एका दमात आली बघा."

"मग! आवाज कुणाचा हाय?"

"पर दादा... आली, आन् फोनभवती फिराय लागली. तुमाला हुडकत्यात. तुमी दिसंना म्हणून वरडाय लागली. ती बांडीची नात तर दोन दिस चरलीच न्हाई."

दाजींनी हातातली लोकर खाली ठेवली. म्हणाले, "पुसून टाक त्यो व्हिडिओ."

"दादा, येवढा खटाटोप करून केलाय..."

"पुस म्हणतो न्हवं. बाकीचं ठेव, ते तुझ्यासाठी हाय. हाक पुस. मी न्हाई तिथं माजी हाक कशाला? फसवायचं न्हाई त्यांनला. तू मार हाक. आज न्हाई येणार, उद्या येतील."

लेकानं ती पुसली. मध्यंतरी आक्का सांगत होत्या की आता सगळी नाही, पण निम्मी मेंढरं त्याचं ऐकतात. त्या हे सांगत होत्या तेव्हा दाजी बाहेर पाठमोरे बसले होते. मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

लेकाचा फोन आला त्या दिवशी निघताना मी दाजींना सांगून टाकलं की त्या हाकेची एक प्रत मेंढरांनी ती पास केली त्याच दिवशी मी माझ्या फोनमध्ये घेतली होती, पुसायची असेल तर तीही पुसतो. पुन्हा काही दडवायची माझ्यात ताकद नव्हती. दाजींनी माइकवरची लोकरीची टोपी काढली, झटकली, परत नीट बसवली.

"असू द्या," ते म्हणाले. "तुमी लय लांब ऱ्हाताय."

मी ती रोज ऐकत नाही. कधीतरी पाळी संपवून मोजमापाची हत्यारं जागेवर ठेवली, की कानाला फोन लावतो. खिडकीबाहेर हायवेवर ट्रक धावत असतात. "बाऽऽ," दाजी म्हणतात आणि माझी मान आपोआप पूर्वेकडं, जतच्या अंगाला वळते.