अक्काच्या बांगड्या

माझ्या थोरल्या जावेच्या, अक्काच्या, बांगड्या फार वाढायच्या. सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या म्हणू नये, वाढल्या म्हणावं, म्हणून तसं सांगते. खरं तर ती त्या फोडायची. सेलूच्या आमच्या घरी मी नवी नवरी होऊन आले, त्याच आठवड्यात पाणी शेंदताना अक्कानं हात अंगणातल्या आडाच्या कठड्यावर असा काही आपटला की चारही बांगड्यांचा चुरा झाला. सासूबाई कापूस निवडत बसल्या होत्या. त्या किंचाळल्याच, "आगं बया! कुणी हाय का? अमिनाबीला बलवा आदी!"

अमिनाबी म्हणजे गावची मणेरीण. ती टोपली घेऊन आली, ओसरीवर बसून अक्काच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, आणि सासूबाई पाठमोऱ्या झाल्याबरोबर टोपलीच्या तळातून काहीतरी अक्काच्या पदराखाली गेलं. मी पाहिलं हे अक्कानंही पाहिलं. रात्री ती म्हणाली, "शांते, तुला वाचाया येतंय का? न्हाई? बरं हाय. वाचून दावते, पर तोंड उघडलंस तर याद राख."

पदराखाली गेला होता तो एका कादंबरीमालेचा भाग; तिचं नाव इथं घ्यायचा मला आजही संकोच वाटतो. नायिका चंपा. दर भागात तिला कुणीतरी कोंडायचं, कधी किल्ल्यात, कधी बागेतल्या महालात, आणि दर भागात ती खिडकीतून उतरून आपल्या राजबिंड्या प्रियकराकडे पळायची. पुढचं वर्णन ऐकताना माझे कान तापायचे. अक्का मात्र भाकरीचं पीठ मोजावं तितक्या शांतपणे वाचायची. अमिनाबीचा भाऊ स्टेशनावर चहा विकायचा; मनमाडकडून येणाऱ्या गाडीतून तो हे भाग मिळवायचा. अमिनाबीला अक्षर येत नव्हतं. मुखपृष्ठावरची मोकळ्या केसांची बाई हीच तिची खूण. "तुमारी खुले बालांवाली आली हाय," असं ती पुटपुटायची.

अक्काला चंपाची गरज का होती, ते सांगायला हवं. तिच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझे थोरले दीर हैदराबादला गेले आणि तिथं दुसरा संसार थाटून बसले. आम्ही लिंगायत. आमच्यात विधवेचा पाट लावतात, तिचं दुसरं लग्न होतं. पण नवरा जिवंत होता हीच तर पंचाईत! पालमला माहेरी जायचं म्हटलं की सासूबाई आडव्या. "माझं लेकरू यील तवा बायकू घरी पायजेल." अक्काच्या हातात बांगड्या आहेत तोवर आपल्या लेकाला काही होत नाही, असं त्या माउलीच्या मनानं घेतलेलं. त्यामुळे अक्काला उंबरा ओलांडायची बंदी, आणि बांगडी वाढली की मणेरणीला धावत बोलावणं. त्या भीतीतूनच अक्कानं आपल्यापुरती फट शोधली होती.

कुठलीही गोष्ट ती चंपावर नेऊन घालायची. सासूबाई बोलल्या की म्हणायची, "चंपा असती तर भिंतीवरून उडी टाकली असती. मी भाकरी थापायलेय." एकदा मी म्हटलं, "मग तुमी जावा की, अक्का." तिनं माळवदाखालच्या काळोख्या खोलीभर नजर फिरवली. "चंपा खिडकीतून जाती, शांते. ह्या घराला खिडकीच न्हाई."

दुपारी ती पुस्तक पोथीच्या फडक्यात ठेवून वाचायची. एकदा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "मनात काय वाचायलीस? मोठ्यानं वाच, मला बी पुण्य लागंल." अक्का जराही अडखळली नाही. चंपाची पार्वती केली, प्रियकराचा शंकर केला आणि वाचत सुटली. मी तोंडात पदर कोंबून बसले. सासूबाईंनी डोळे पुसले. "पारबतीनं लय सोसलं बाई," म्हणाल्या. आणि पदर सावरत, "महादेव बी लय आगाऊच की गं! पर देवाघरचं हाय, आपुन काय बोलावं?" दुसऱ्या दिवशी भांडी घासून व्हायच्या आत त्यांनीच विचारलं, "पुढं काय झालं?"

मग रझाकारांचं ते वर्ष आलं. गाड्यांचा भरवसा राहिला नाही. चंपाला तळघरात कोंडून मागचा भाग संपला होता आणि पुढचा शेवटचा होता. तो काही येईना. अक्कानं दोनदा बांगड्या वाढवल्या; अमिनाबी दोन्ही वेळा मान हलवून गेली.

आणि हैदराबादहून तार आली. दीर तापानं गेले.

गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका अक्काच्या बांगड्या फोडायला जमल्या. तिनं हात मागे घेतला. "थांबा. मी फोडते. मला सवय हाय." त्यांना वाटलं, दुःखानं बडबडतेय. पाटाचा विषय निघाला तो सासूबाईंच्या एका वाक्यात संपला, "आता चाळिशीत कुठं धाडता तिला?" अक्काच्या डोळ्यांत तेव्हाही पाणी नव्हतं.

चौथ्या दिवशी गल्लीत अमिनाबीची हाळी आली. आमच्या दारापाशी ती थांबली. कुणीतरी तिला सांगितलं असावं. दुखवट्याच्या घरात मणेरीण बांगड्या भरायला कशी शिरणार? हाळी पुढं गेली, लांब गेली. अक्कानं आपल्या रिकाम्या मनगटांकडं पाहिलं आणि हंबरडा फोडला. बायका म्हणाल्या, "आता रडली बिचारी. नवऱ्याची आठवण झाली."

मला राहवलं नाही. मलाही नवरा होता आणि मलाही भीती होती. पण मी आडाशी गेले आणि हात कठड्यावर आपटला. सासूबाई दुखवटा विसरल्या. एक लेक नुकताच गेला होता. त्या अनवाणी, उघड्या डोक्यानं गल्लीत धावल्या, "अमिनाबी! आगं माघारी ये!"

अमिनाबी आली. हिरव्या बांगड्या माझ्या हातात आल्या आणि शेवटचा भाग माझ्या पदराखाली. मी तो कोपऱ्यात बसलेल्या अक्कापुढं ठेवला. तिनं आधी माझी मनगटं कुरवाळली.

तेव्हा पुस्तकांची पानं कडेला जोडलेली यायची, विळीनं कापावी लागायची. अक्का पानं कापत, वाचत गेली, आणि शेवटची काही कापायची राहिली तेव्हा तिनं पुस्तक मिटून पोथीच्या फडक्यात बांधलं. पुढं ती वीस-एक वर्षं जगली, पण ती पानं तशीच राहिली. मी कितीदा म्हटलं, "अक्का, कापू का? चंपा सुटली का न्हाई ते तरी कळंल."

"सुटलीच आसंल गं," ती म्हणायची. "पर ती भाईर गेली, की आत मी एकलीच ऱ्हाईन."