पत्र्याच्या गेटमागचं रिसॉर्ट

दुपारी सव्वातीनला ड्रायव्हरचा फोन आला. तुम्ही दिलेल्या लोकेशनवर गाडी उभी आहे, म्हणाला, पण इथे रिसॉर्ट नाही.

मी पुसदला माझ्या ऑफिसात बसून कोणाचं तरी नांदेडहून पुढचं रेल्वेचं तिकीट काढत होते. मला वाटलं, थोडं पुढे-मागे झालं असेल. नकाशावरचा पिन कधी कधी शंभर-दोनशे मीटरनं चुकतो. जरा पुढे जा, डाव्या हाताला मोठी कमान दिसेल, असं मी त्याला सांगितलं. कमान मी फोटोत पाहिली होती. तो म्हणाला, दोन्हीकडे किलोमीटरभर जाऊन आलो. माडांची बाग आहे, तिला पत्र्याचं गेट आहे, गेटला गंजलेलं कुलूप आहे. त्याच्यापुढे होड्या ओढून ठेवल्यात आणि मग समुद्र.

मग त्यानं फोटो पाठवला. ते कुलूप कित्येक दिवसांत कोणी उघडलेलं नाही, हे फोटोतही कळत होतं. मी समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, तुम्ही उद्या या.

त्या गाडीत पाच जणी होत्या. पाचही जणी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांच्या म्होरक्या खोब्रागडे मॅडम. त्यांनी मला पाचवीत गणित शिकवलं आहे. आयुष्यभर उमरखेड आणि पुसद तालुक्यातल्या शाळा केल्या, रोज एसटीनं जाऊन-येऊन. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं की पाच मैत्रिणींनी चार दिवस समुद्रावर जायचं. सोबत नवरा नाही, मुलगा नाही, जावई नाही. पाचही घरांत यावर बरीच चर्चा झाली होती. भगत मॅडमचा मुलगा तर म्हणे शेवटपर्यंत सांगत होता, मी येतो सोबत, मागच्या सीटवर बसून राहीन.

रिसॉर्ट त्यांनी स्वतःच मोबाईलवर शोधलं होतं. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर, वेंगुर्ल्याच्या बाजूला. फोटो सुंदर होते. सगळं भाडं आधीच भरून झालं होतं. माझ्याकडे त्या आल्या नागपूर ते गोवा विमानाच्या तिकिटासाठी आणि ट्रान्सफरसाठी. ट्रान्सफर म्हणजे विमानतळावरून हॉटेलपर्यंतची खासगी गाडी. ड्रायव्हर बाहेर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असतो, तुम्हाला दारात नेऊन सोडतो, त्याचं काम तिथे संपतं. मी अशा गाड्या वेंडरमार्फत बुक करते. वेंडर म्हणजे ज्याच्या गाड्या असतात तो तिकडचा माणूस.

मॅडमनी तेव्हा मला विचारलं होतं, नसरीन, तू यातली आहेस, हे रिसॉर्ट बरोबर वाटते ना तुले? मी त्यांच्या मोबाईलवरून नंबर घेतला आणि त्यांच्यासमोरच फोन लावला. समीर नावाचा मॅनेजर बोलला. मराठी चांगलं, बोलणं अदबीचं. जेवणात काय लागेल, खोल्या तळमजल्यावर हव्यात का, सगळं त्यानं आपणहून विचारलं. मी सांगितलं, भगत मॅडमना शुगर आहे, त्यांना बिनसाखरेचा चहा लागतो आणि जेवण वेळेवर लागतं. त्यानं लिहून घेतो म्हणून सांगितलं. फोन ठेवून मी मॅडमना म्हटलं, काही काळजी करू नका.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला पाहिजे होती. वेंडरच्या यादीत या रिसॉर्टचं नाव नव्हतं. त्या किनाऱ्यावरची सगळी हॉटेलं मला माहीत आहेत, हे नाव ऐकलं नाही, असं तो म्हणाला होता. मी समीरला विचारलं. तो म्हणाला, याच सीझनला सुरू केलंय. मी तेच वेंडरला सांगितलं, पिन पाठवला आणि बुकिंग कन्फर्म केलं.

तर त्या दुपारी मी ड्रायव्हरला म्हटलं, मॅडमना फोन द्या. मॅडम शांत होत्या. मॅनेजर किल्ली आणायला गेला असेल, थांबतो आम्ही, म्हणाल्या. फक्त भगत मॅडमनं सकाळपासून नीट खाल्लं नाही, त्याला जरा लवकर यायला सांग. तिथे पोचल्यावर जेवण तयार असेल असं समीरनं सांगितलं होतं, म्हणून पाचही जणी विमानातल्या चहाबिस्किटावरच होत्या.

मी समीरला फोन लावला. खरं सांगते, तो उचलणार नाही याची मला खात्री होती. त्यानं दुसऱ्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, आमचे गेस्ट पोचलेत.

"हो मॅडम, आत्ताच चेक-इन झालं," तो म्हणाला. "पाचही मॅडम डायनिंगमध्ये बसल्यात. भगत मॅडमचा बिनसाखरेचा चहा पाठवलाय."

टेबलावर दुसरा मोबाईल होता, त्यावर कुलपाचा फोटो तसाच उघडा होता. आणि हा माणूस त्याच आवाजात, जराही न अडखळता, मला चहा पाठवल्याचं सांगत होता. भगत मॅडमचं नाव, त्यांची शुगर, तो चहा, हे सगळं त्याला मीच सांगितलं होतं. क्षणभर मला वाटलं की ड्रायव्हरच चुकीच्या ठिकाणी असेल, कुठेतरी खरंच ते डायनिंग असेल. इतकं ते बोलणं खरं वाटत होतं.

मी म्हटलं, भगत मॅडमना फोन द्या.

मागे टीव्हीचा आवाज येत होता, कुठल्यातरी घरातला. मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर स्विच ऑफ.

यानंतर मी जे केलं ते दोन मिनिटांचं काम होतं. रिसॉर्टच्या पेजवरचा कमानीचा फोटो घेऊन इंटरनेटवर शोधला. तो परदेशातल्या एका बेटावरच्या हॉटेलचा निघाला. पोहायच्या तलावाचाही तिथलाच. हे दोन मिनिटांचं काम मी बुकिंगच्या दिवशी केलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी या धंद्यात आहे.

आता मॅडमना सांगणं भाग होतं. मी म्हटलं, मॅडम, रिसॉर्ट नाही.

"नाही म्हणजे? बंद आहे?"

"बंद नाही मॅडम. ते कधी नव्हतंच."

मागे समुद्र ऐकू येत होता. मॅडमनी आवाज अगदी खाली आणला.

"हळू बोल. ह्या चौघी गाडीत ऐकून राह्यल्या. अन् नसरीन, घरी कोणाले फोन करू नको. आमच्या कोणाच्याच घरी नाही."

मी हो म्हटलं. पण ते फार वेळ लपण्यासारखं नव्हतंच. थोड्या वेळानं भगत मॅडम गाडीतून उतरून होड्यांकडे गेल्या आणि तिथे मासळी वाळत घालणाऱ्या बाईला त्यांनी रिसॉर्टबद्दल विचारलं. ती बाई म्हणाली, गेल्याच महिन्यात अशीच एक गाडी येऊन परत गेली. भगत मॅडमनी गाडीपाशी येऊन हे सगळ्यांना सांगितलं. ड्रायव्हरनं नंतर मला सांगितलं, एक मॅडम रडायला लागल्या, बाकीच्या नुसत्या त्या गेटकडे बघत राहिल्या. खोब्रागडे मॅडम तर गेटच्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या होत्या, आतून कोणी उघडेल अशा.

इकडे माझी वेगळीच अडचण होती. गाडी एकमार्गी होती. त्या ड्रायव्हरला, गावडे त्याचं नाव, साडेपाचला विमानतळावर दुसरं पिकअप होतं. मी वेंडरला फोन केला. तो म्हणाला, ड्रॉप झालाय, गाडी मला परत पाहिजे. मी सांगितलं, पाच बायका आहेत, सगळ्या साठीच्या, एकीला शुगर आहे, आसपास हॉटेल नाही, तुम्ही त्यांना वाळूत उतरवणार का? तो म्हणाला, मी तुम्हाला नाव ऐकलं नाही म्हणून सांगितलं होतं. त्याचं बरोबर होतं.

पण गावडेनंच तो प्रश्न सोडवला. त्यानं आपल्या एका मित्राला फोन करून पिकअप त्याच्याकडे दिलं आणि मग वेंडरला कळवलं, विचारलं नाही. मला म्हणाला, या बायकांना इथे सोडून मी गेलो तर घरी गेल्यावर मला जेवण जाणार नाही. आधी त्यानं गाडी गावातल्या एका खाणावळीपाशी नेली आणि पाचही जणींना भात-आमटी खायला लावली.

मग त्यानं सांगितलं की शेजारच्या गावात त्याची मावशी घरच्या खोल्या पाहुण्यांना देते. ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. दोन तासांपूर्वी मी एका गोड आवाजावर विश्वास ठेवून बसले होते. आता हा दुसरा. चांगला माणूस वाटत होता, पण समीरही वाटलाच होता. कुडाळला माझ्या ओळखीचे एक एजंट आहेत, जुने. त्यांना मी फोन केला आणि गावडेनं सांगितलेलं गावाचं आणि मावशीचं नाव दिलं. त्यांनी दहा मिनिटांत परत फोन केला. घर त्यांच्या माहितीतलं होतं, त्यांची माणसं तिथे राहून गेली होती. तरी मी गावडेला म्हटलं, आधी खोब्रागडे मॅडम एकट्या आत जाऊन बघतील.

मॅडम आत गेल्या. नंतर मावशीनंच हसत सांगितलं, मॅडमनी नळ सोडून पाहिला, दाराच्या कड्या लावून पाहिल्या, गाद्या उचलून पाहिल्या, आणि शेवटी विचारलं की रेशनकार्ड कोणाच्या नावावर आहे. तपासणीला आलेल्या साहेबासारखं. मग बाहेर येऊन चौघींना म्हणाल्या, उतरा.

साडेसहाला त्यांचा फोन आला. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मला थांबवलं. चूक कोणाची ते पुसदला आल्यावर पाहू, म्हणाल्या. आता आम्ही पाण्यात पाय टाकून राह्यलो, तू फोन ठेव.

दुसऱ्या दिवशी मी सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार टाकली, एकट्या खोब्रागडे मॅडमच्या नावानं. चार दिवसांनी गावडेनंच त्यांना विमानतळावर सोडलं. पुसदला आल्यावर मॅडमनी नवऱ्याला सगळं स्वतः सांगितलं, दुसरं कोणी सांगायच्या आधी. ते म्हणाले, मी म्हणत होतो ना. त्यावर मॅडम म्हणाल्या, म्हणत होता, पण ओळखलं तर तुम्हीही नाही, फोटो तुम्हीही पाहिले होते. तो विषय तिथे संपला.

मला वाटलं प्रकरणही संपलं. ते संपलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मारेगावहून एका जोडप्याचा फोन आला. त्यांना गोवा विमानतळावरून ट्रान्सफर हवी होती. रिसॉर्टचं नाव वेगळं होतं, पण किनारा तोच. मी लिंक मागवली. पेज उघडलं. कमान तीच, तलाव तोच. खाली पाहुण्यांचे अभिप्राय होते. पहिल्याच अभिप्रायात फोटो होता, नागपूर विमानतळावर पाच बायका, बॅगा पुढे घेऊन, हसत उभ्या. खोब्रागडे मॅडम मध्ये. खाली लिहिलं होतं, आम्हा पाच शिक्षिका मैत्रिणींची सहल अविस्मरणीय झाली, घरच्यासारखी काळजी घेतली, भगत मॅडमच्या पथ्याचंही सांभाळलं.

तो फोटो मॅडमनी विमानात बसण्याआधी समीरला पाठवला होता, आम्ही निघालो म्हणून कळवायला. आणि त्यानं ज्यांना फसवलं त्यांनाच पुढच्यांना फसवायला उभं केलं होतं.

मारेगावच्या जोडप्यानं अजून पैसे भरले नव्हते. ते म्हणाले, आम्ही बाकी कशावर नाही, पण त्या शिक्षिकांचा फोटो पाहून विश्वास ठेवला. आपल्या भागातल्या वाटल्या.

मी मॅडमना पेज दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, अभिप्राय दोनदा वाचला. "माह्या तोंडानं खोटं बोलून राह्यला हा," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बाकी चौघींना घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या. मीही गेले. पहिल्या तक्रारीच्या वेळी चौघींना नाव द्यायची लाज वाटली होती. या वेळी पाचही जणींनी सह्या केल्या आणि स्वतःचे फोटो सोबत जोडले. आठवड्यात ते पेज बंद झालं. पैसे आले नाहीत, समीरही सापडला नाही. तो आणखी कुठल्या नावानं कुठे बसला असेल, सांगता येत नाही.

माझ्या कामात मी एकच बदल केला. गिऱ्हाइकानं दिलेल्या नंबरवर मी आता खात्री करत नाही. हॉटेल असेल तर त्याच्या शेजारच्या दुकानाचा, खाणावळीचा, निदान त्याच गावातल्या कोणाचा तरी नंबर मी स्वतः शोधते आणि विचारते, तुमच्या बाजूला हे आहे का. वेळ जातो, गिऱ्हाईक वैतागतं. ज्यानं पत्ता दिला त्यालाच पत्ता खरा आहे का म्हणून विचारलं, तर तो हो म्हणेल, यापलीकडे काही कळत नाही.